तिसऱ्या फाट्यावरची ताटली

ऑरिन टीगने लार्चच्या झाडाची ती फांदी त्या राहायच्या ट्रेलरच्या पायरीवर ठेवली त्या दिवशी ऑक्टोबरची सहा तारीख होती. आज बावीस. फांदी होती तिथेच होती. तिच्या पिवळ्या सुया पायरीभर गळून पडल्या होत्या, आणि त्यांच्यावर कोणाचं पाऊल पडल्याची खूण नव्हती.

"सोळा दिवस," तो म्हणाला. "नेड्रा, सोळा दिवस हे धूड इथे रिकामं उभं आहे."

नेड्रा गाडीतून उतरली नव्हती. तिने काच खाली केली. "ती फांदी तू ठेवलीस?"

"हो. त्या दिवशी पाणी वाहतंय का बघायला आलो होतो ना, तेव्हा."

"म्हातारपणी गुप्तहेर झालास?"

"पुरावा नको?"

"कोणाला दाखवणार? ट्रेलरला?"

ट्रेलर एका बाजूला कलला होता. एका चाकात हवा नव्हती. समोर घडीची एक खुर्ची मांडली होती, जणू मालक आत्ताच उठून ओढ्यावर गेलाय. खुर्चीच्या बैठकीत पावसाचं पाणी साचलं होतं आणि त्यात मेलेल्या माश्या तरंगत होत्या.

हॅचेट क्रीकच्या काठच्या या जागेला नाव नव्हतं. पाटी नव्हती, नळ नव्हता, संडास नव्हता आणि भाडंही नव्हतं. राष्ट्रीय जंगलाचा कायदा साधा होता. या, हवं तिथे तंबू ठोका, चौदा दिवस राहा, मग उठा. आपला कचरा आपल्याबरोबर न्या. ऑरिन आणि नेड्रा एकोणतीस वर्षं दर ऑक्टोबरात इथे येत होते. तो जिल्ह्याच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करायचा, ती शाळेची बस चालवायची. आता दोघंही घरी बसली होती. नेड्राच्या उजव्या खुब्याची वाटी झिजली होती आणि नोव्हेंबरात ऑपरेशन ठरलं होतं. पुढच्या वर्षी यायला जमेल की नाही, डॉक्टरही सांगत नव्हता. म्हणून या वर्षी यायचंच, असं तिने ठरवलं होतं. आणि यायचं तर इथेच. इथली जमीन टेबलासारखी सपाट होती आणि ओढा बारा पावलांवर. काठी टेकत ती एकटी पाण्यापर्यंत जाऊन, दगडावर बसून, पाय सोडू शकली असती. बाकी सगळं जंगल म्हणजे नुसता उतार.

एल्क हरणांची शिकार सुरू व्हायच्या आधी कोणीतरी असला मोडका ट्रेलर ओढून आणतो, चांगल्या जागी ठेवतो आणि घरी जाऊन झोपतो, हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं. नियमात ते बसत नव्हतं, हेही ठाऊक होतं. ऑरिन वनखात्याच्या कचेरीत गेलाही होता. खिडकीतल्या मुलीने त्याचं सगळं ऐकून घेतलं. "आम्ही तिघंच आहोत, सर," ती म्हणाली होती. "चार लाख एकरांना तिघं. पुढच्या आठवड्यात जाऊन नोटीस चिकटवते." ऑरिन तिला म्हणाला, "काही घाई नाही." मग बाहेर येऊन गाडीत बसला आणि स्टिअरिंगवर मूठ आपटली. घाई होती. घाई नव्हती तर तो चाळीस मैल गाडी हाणत कशाला आला होता?

त्याचं जन्मभर हे असंच चालत आलं होतं. भांडणातलं खणखणीत उत्तर त्याला तीन दिवसांनी, दाढी करताना सुचायचं.

"हलवू या का आपणच?" तो आता ट्रेलरकडे बघत म्हणाला.

"कशाने? तुझ्या पुस्तकांच्या खोक्याने?"

दुसऱ्याच्या सामानाला हात लावायचा नाही, हे तर होतंच. शेवटी त्यांनी अर्धा मैल खाली, रस्त्याला लागून असलेल्या उतारावर तंबू ठोकला. ऑरिनने नेड्राच्या खाटेच्या खालच्या अंगाच्या पायांखाली चपटे दगड रचले. अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी ठेवून पातळी तीनतीनदा तपासली. तरी सकाळी नेड्रा उठली ती तोंड वाकडं करूनच.

"झोप लागली?" त्याने विचारलं.

"लागली असती. पण रात्रभर मी कॅलिफोर्नियाकडे घसरत होते."

ती हसली, पण उठताना तिने तंबूचा खांब दोन्ही हातांनी धरला, आणि तिच्या ओठांवरचा रंग गेला. ऑरिनने ते पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं, कारण तिला ते आवडत नसे, आणि स्टोव्हवर कॉफी ठेवली. तिला ओढ्यावर जायला इथून काट्याकुट्यांतून शंभर पावलं उतरावं लागलं असतं. ती गेली नाही. दिवसभर तंबूच्या दारात बसून तिने मोजे विणले. ओढ्याचा आवाज येत होता, तेवढाच.

त्याच दिवशी, गुरुवारी दुपारी, ट्रेलरवाली मंडळी आली. तीन ट्रक, धुळीचे लोट, मागे जनरेटर. पुढच्या ट्रकमधल्या माणसाने तंबूपाशी वेग कमी केला. चाळिशीचा, जाडजूड, केशरी टोपी घातलेला. ट्रकच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं: 'डेल्मर क्राउडर, विहिरी आणि पंप'.

"काय आजोबा, इथे उतारावर? लोळत खाली जाल हां!" तो ओरडला. "वर या कधी तरी. बिअर पाजतो."

ऑरिनच्या तोंडून आलं, "हो हो. छान." आणि त्याने हात हलवला.

ट्रक गेले. धूळ खाली बसायला वेळ लागला. नेड्राच्या सुया थांबल्या होत्या.

"तू हात हलवलास," ती म्हणाली.

"सवय."

"त्याने आपली जागा गिळली, आणि तू त्याला टाटा केलास."

ऑरिन पुस्तक घेऊन बसला, रेल्वेचे स्लीपर कुठल्या लाकडाचे करत त्याबद्दलचं जाडजूड पुस्तक, आणि दोन तासांत त्याने एकच पान तीन वेळा वाचलं. वरून जनरेटरची घरघर सुरू झाली ती अंधार पडला तरी थांबेना. त्या घरघरीत ओढा ऐकू येईनासा झाला.

शुक्रवारी सकाळी तो बर्फाच्या लाद्या आणायला खालच्या गावच्या दुकानात निघाला. तंबूपासून पहिल्याच वळणावर, जिथे दोन रस्ते फुटतात तिथे, पाइनच्या बुंध्यावर एक कागदी ताटली खिळ्याने ठोकलेली होती. वर काळ्या जाड अक्षरांत 'क्राउडर' आणि बाण. पुढच्या फाट्यावर दुसरी. मग तिसरी. डांबरी रस्त्यापर्यंत पाच फाटे, पाच ताटल्या.

यात नवल काहीच नव्हतं. शिकारीच्या दिवसांत सगळ्या जंगलात अशा ताटल्या दिसतात. जंगलात फोन लागत नाही, रस्त्यांना पाट्या नाहीत, मागून येणाऱ्यांनी मुक्काम शोधायचा कसा? ताटलीवर नाव बघायचं आणि बाणाकडे वळायचं. त्या भागातले लोक एकमेकांची सरपणाची लाकडं चोरतील, दुसऱ्याने जखमी केलेल्या हरणावर आपला हक्क सांगतील, पण दुसऱ्याच्या ताटलीला कोणी बोट लावत नाही. ऑरिनच्या बापाने त्याला हे सहाव्या वर्षी सांगितलं होतं.

दुकानातून परत येताना तो पहिल्या फाट्याशी थांबला. इंजिन चालूच होतं. तो काही ठरवून उतरला नव्हता. झाडापाशी उभं राहून त्याने नावाकडे पाहिलं. अक्षरं किती ऐटीत काढली होती! जणू डोंगर विकत घेतलाय आणि आता दारावर पाटी लावलीय. त्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि ताटली ओढली.

मग थांबणं शक्य नव्हतं. दुसरी सहज निघाली. तिसरीचा खिळा खोल होता, तो गाडीच्या किल्लीने उचकटावा लागला आणि त्यात त्याच्या बोटाचं साल निघालं. पाचही ताटल्या त्याने बाजूच्या सीटखाली सरकवल्या. साठ वर्षांत पहिल्यांदा आपण कोणाला तरी काहीतरी केलं, असं त्याला वाटलं. फिरू देत त्याच्या दोस्तांना तासभर. जाळू देत पेट्रोल. देऊ देत शिव्या.

तो शीळ घालत तंबूत शिरला.

"कसली शीळ?" नेड्राने विचारलं.

"हवा छान आहे."

"छान? पश्चिमेकडे बघ की."

एक वाजता हवा फिरली. आधी पाऊस, मग पावसात बर्फाची चुरी, आडवी, तोंडावर मारणारी. लार्चच्या सोनेरी सुया झडून चिखलात गेल्या. तंबूचं कापड फडफडायला लागलं. ऑरिनने स्टोव्हमध्ये लाकडं घातली आणि नेड्राने घोंगडं कमरेला गुंडाळलं.

तीनच्या सुमारास वरून एक ट्रक आला आणि तंबूपाशी थांबला. एक बाई उतरली. डोक्यावर रुमाल, पायांत पुरुषी बूट.

"माफ करा हं," ती दारातून म्हणाली. "मी ट्रीना क्राउडर, वरच्या मुक्कामावरची. एक पांढरा जुना पिकअप इकडून जाताना दिसला का तुम्हाला? माझे सासरे आहेत त्यात."

"नाही बाई," नेड्रा म्हणाली. "सकाळपासून आमच्याशिवाय खालून एकही गाडी आली नाही. कधी यायचे होते?"

"अकराला. आठला घरून निघालेत. शेजारीण म्हणते, तिने स्वतः पाहिलं. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. आम्ही म्हटलं आमच्याबरोबर चला, तर म्हणे, मी माझा ट्रक चालवत येणार. ऐकतात का कोणाचं? डेल्मर डांबरी रस्त्याकडे गेलाय शोधायला." तिने हातांत हात घट्ट धरले होते. "चाळीस वर्षांत आले नाहीयेत ते इकडे. पण प्रत्येक फाट्यावर ताटली लावली होती आम्ही. मी स्वतः लिहिल्या, मोठ्या अक्षरांत, त्यांना कमी दिसतं म्हणून."

ऑरिन स्टोव्हपाशी वाकला होता. तो तसाच वाकलेला राहिला.

"कोट तरी आहे का अंगावर?" नेड्राने विचारलं.

"असेल. मागे पेटीत. कोण जाणे."

ट्रीना गेली. नेड्रा वळली आणि नवऱ्याच्या पाठीकडे बघू लागली. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती पाठ तिला वर्तमानपत्रासारखी वाचता येत होती.

"ऑरिन. शीळ कसली होती सकाळी?"

त्याने सांगितलं. चार वाक्यांत.

नेड्राने विणकाम बाजूला ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि ते जास्त वाईट होतं. "किल्ल्या घे," ती म्हणाली. "आणि सापडल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस."

तो निघाला तेव्हा वायपर बर्फाची चुरी कशीबशी ढकलत होते. कुठे जायचं हे त्याला माहीत होतं, त्यासाठी डोकं चालवायची गरज नव्हती. तिसऱ्या फाट्यावर खरा रस्ता डावीकडे वर जातो, अरुंद, झुडपांत दडलेला. सरळ जाणारा रुंद दिसतो, कारण लाकूडतोडीच्या कंपनीने तो ट्रकांसाठी केला होता. ताटली नसेल तर शहाणा माणूस रुंद रस्त्यानेच जाणार. दोन मैलांवर तो ओंडके रचायच्या मोकळ्या मैदानात संपतो, आणि ते मैदान म्हणजे पाऊस पडला की नुसती चिकणमाती.

वाटेत तो डेल्मरवर संतापत होता. ट्रेलर ठेवला नसता तर हे झालं असतं का? मग ट्रीनावर. म्हाताऱ्याला एकटं सोडतात? मग वनखात्यावर, त्या खिडकीतल्या मुलीवर, लाकूडतोडीच्या कंपनीवर. असं करता करता त्याच्या संतापाला शिव्या द्यायला माणसं उरली नाहीत, आणि समोर आरशात फक्त स्वतःचं तोंड राहिलं.

पांढरा पिकअप मैदानाच्या कडेला नाक खाली करून रुतला होता. मागची चाकं निम्मी चिखलात. आत सदऱ्यावर नुसतं जाकीट घातलेला एक वाळका म्हातारा बसला होता. ऑरिनने काचेवर टकटक केलं तसं त्याने दार लाथेने उघडलं.

"हॉर्न वाजवून वाजवून बॅटरी मेली," म्हातारा म्हणाला. दात एकमेकांवर आपटत होते. "कोण तू?"

"ऑरिन टीग. खालच्या मुक्कामावरचा. तुम्ही मिस्टर क्राउडर ना?"

"हार्लन. डेल्मर कुठाय?"

"तुम्हाला शोधायला डांबरी रस्त्याकडे गेलाय."

"जाणारच. उलट्या दिशेला जाण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही."

ऑरिनने त्याला जवळजवळ उचलूनच आपल्या गाडीत आणलं, स्वतःचा कोट त्याच्याभोवती गुंडाळला आणि हीटर पूर्ण उघडला. थर्मासातली कॉफी दिली. म्हाताऱ्याचे हात इतके कापत होते की निम्मी गुडघ्यांवर सांडली. दहा मिनिटांनी त्याच्या चेहऱ्यावर रंग आला आणि रंगाबरोबर राग.

"ताटल्या लावतो म्हणाला होता. एक नाही! तीन फाटे लागले, एक ताटली नाही. मी प्रत्येक ठिकाणी उतरून झाडं चाचपली. आंधळ्यासारखी." त्याने पाय मागे घेतले, टाच सीटखाली सरकवली, आणि खाली काहीतरी चुरचुरलं.

ऑरिनला ताटल्यांची आठवणच राहिली नव्हती.

म्हातारा वाकला. एक एक करत त्याने पाचही ताटल्या बाहेर काढल्या, मांडीवर ठेवल्या, वरची डोळ्यांजवळ धरली आणि सावकाश वाचली. वायपर इकडून तिकडे जात होते.

"खिळे?" हार्लनने विचारलं.

"काय?"

"खिळे कुठे टाकलेस?"

"ॲशट्रेमध्ये आहेत. रस्त्यावर पडले तर कोणाच्या टायरमध्ये जातील म्हणून."

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. "ताटल्या चोरायच्या आणि टायरची काळजी करायची. असला चोर मी चौऱ्याऐंशी वर्षांत पाहिला नाही. चल, गाडी काढ. तिसऱ्या फाट्याशी थांब."

फाट्याशी ऑरिन थांबला.

"उतर. लाव ती होती तशी."

"मिस्टर क्राउडर, तुम्ही शेवटचेच ना? आता मागून कोणी येणार नाही. लावून काय उपयोग?"

"उपयोग माझा. मला बघायचंय."

ऑरिन उतरला. अंगात कोट नव्हता, कोट म्हाताऱ्याकडे होता. चुरी मानेवरून सदऱ्यात जात होती. एक दगड शोधून त्याने ताटली बुंध्यावर धरली आणि ठोकायला लागला. पहिला फटका बोटावर बसला. मागे काच खाली आली.

"वाकडी आहे."

त्याने सरळ केली.

"वर घे. मला दिसत नाहीये."

त्याने वर घेतली. दगड निसटला, खिळा वाकला, ओली ताटली मधोमध फाटली.

"बाण कुठे चाललाय? आकाशात? तिथे जायला मला अजून वेळ आहे!"

तेव्हा ऑरिन टीगच्या आत साठ वर्षं नीट घडी घालून ठेवलेलं काहीतरी फाटलं. तो वळला. दगड हातातच होता.

"अठरा दिवस!" तो ओरडला. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही. "अठरा दिवस तुमच्या मुलाचा ट्रेलर तिथे उभा आहे! रिकामा! चौदा दिवसांचा नियम आहे, माणूस नसताना जागा अडवायची नाही असा नियम आहे, आणि तो घरी गादीवर झोपला होता! माझ्या बायकोचा खुबा गेलाय! ती तिथे उतारावर दगड लावलेल्या खाटेवर झोपते, रात्रभर कण्हते आणि सकाळी विनोद करते! तिला फक्त ओढ्यात पाय सोडून बसायचं होतं! एवढंच! एकोणतीस वर्षं आम्ही त्या जागेवर येतोय, एक काडीसुद्धा मागे ठेवली नाही, आणि तुमचा तो, तुमचा तो मला बिअर पाजतो म्हणतो!"

तो थांबला, कारण श्वास संपला होता. झाडावरून बर्फाचा एक गोळा त्याच्या खांद्यावर पडला.

"झालं?" हार्लनने विचारलं.

"झालं."

"हे त्याला का नाही सांगितलंस?"

ऑरिनने खांद्यावरचा बर्फ झटकला.

"मला ओरडलास. मी म्हातारा, अर्धा गोठलेला, तुझ्या गाडीत अडकलेला. त्याला मात्र काय केलंस?"

"हात हलवला," ऑरिन म्हणाला.

म्हातारा नाकाने हसला, पण ते हसणं प्रेमाचं नव्हतं. "आणि एकोणतीस वर्षांचं मला सांगू नकोस. एकसष्ट साली मी तिथे तंबू ठोकला होता, ओढ्याकडे तोंड करून. माझ्या आधी तिथे कोणाच्या तरी चुलीचे दगड होते. एकोणतीस वर्षं म्हणजे तूही जागा धरूनच बसलायस, पोरा. ट्रेलर ठेवायची अक्कल सुचली नाही, एवढंच."

हे ऑरिनला लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

फाटलेली ताटली त्याने तशीच ठोकली. मग चौथ्या फाट्यावर आणि पाचव्यावर ताटल्या ठोकल्या. म्हाताऱ्याने दोन्ही वेळा "वाकडी" म्हटलं. वर जाताना ऑरिनचा तंबू लागला. गाडीचा आवाज ऐकून नेड्रा दारात आली होती, काठीवर सगळा भार टाकून, डोळ्यांवर हात धरून. बाजूच्या सीटवर माणूस बसलेला दिसला तसा तिने हात खाली घेतला आणि खांबाला टेकली.

"थांब जरा," हार्लन म्हणाला. त्याने तंबू पाहिला, जमिनीचा उतार पाहिला, दारातून दिसणारे खाटेखालचे दगड पाहिले. "ती?"

"हो."

"चल. आता असं कर. तू तुझं सगळं सांग, ट्रेलरचं आणि ताटल्यांचं, मग तुझी बाजू मी घेतो. तू नाही सांगितलंस, तर मी फक्त ताटल्यांचं सांगेन."

वरच्या मुक्कामावर डेल्मर नुकताच परत आला होता. बापाला पाहून तो धावत आला, त्याला मिठीत घेऊन उचलू लागला. हार्लनने त्याला कोपराने ढकललं. ट्रीना घोंगडी घेऊन आली. जनरेटर घरघरत होता. ती सपाट जागा ट्रक, पेट्या आणि ताडपत्र्यांनी भरून गेली होती, आणि ओढ्याकाठच्या नेड्राच्या दगडावर कोणीतरी पेट्रोलचा कॅन ठेवला होता.

"थँक्यू, आजोबा!" डेल्मरने ऑरिनचा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे ओले होते. "तुम्ही नसता तर! मागाल ते देईन तुम्हाला."

हीच वेळ अवघड होती. शत्रू शिव्या देत असता तर सोपं गेलं असतं. आता हात हलवावा आणि निघावं, असं त्याच्या सबंध आयुष्याने त्याला सांगितलं. मग त्याने तो पेट्रोलचा कॅन पुन्हा पाहिला.

"तुमचा ट्रेलर इथे सहा तारखेपासून रिकामा उभा होता," तो म्हणाला. "आज अठरा दिवस झाले. ते नियमाबाहेर आहे. माझ्या बायकोला सपाट जमीन हवी होती आणि तुम्ही ती माणूस नसताना अडवून ठेवलीत. मला तुमचा फार राग आला. अजून आहे." शब्द एकामागून एक येत होते. "आणि तुमच्या ताटल्या मी काढल्या. पाचही. म्हणून तुमचे वडील चुकले. ते माझ्यामुळे मेले असते."

डेल्मरला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने ऑरिनची कॉलर धरली. ऑरिनच्या टाचा जमिनीवरून सुटल्या.

"सोड त्याला," हार्लन म्हणाला.

"पप्पा, ऐकलंत ना? याने..."

"ते मला आधीच माहीत होतं. ताटल्या त्याच्याकडून लावून घेतल्यात मी, वाकड्या. तू आधी त्याच्या पहिल्या बोलण्याचं उत्तर दे. अठरा दिवस?"

डेल्मरने कॉलर सोडली. तोंड लाल झालं होतं. "सगळेच ठेवतात! तुमच्यासाठी ठेवला मी! तुम्हाला सपाट जागा हवी म्हणून! आणि हा कोण मला सांगणार? जागा काय याच्या बापाची आहे?"

"नाही," म्हातारा म्हणाला. "आणि तुझ्याही बापाची नाही. तुझा बापच सांगतोय."

ट्रीनाने जाऊन जनरेटर बंद केला, कशासाठी ते तिलाच माहीत. एकदम ओढा ऐकू आला.

"उद्या पहाटे शिकार सुरू होतेय," डेल्मर दात आवळून म्हणाला. "मी आज काही हलवत नसतो. आणि तुम्ही," ऑरिनकडे बोट करून, "चालते व्हा इथून. परत दिसलात तर बघा."

ऑरिन चालता झाला. खाली नेड्रा अजून दारातच होती.

"बरा आहे तो?"

"बरा आहे. मला शिव्या देत होता सबंध वाट."

"द्यायलाच हव्यात." ती त्याच्याकडे बघत राहिली. राग तिच्या चेहऱ्यावरून गेला नव्हता, आणि तो जावा अशी अपेक्षा करायचा त्याला हक्कही नव्हता. "मी तुला किती वेळा म्हटलं ऑरिन, की माझ्यासाठी लपूनछपून काही करू नकोस? खुबा माझा आहे. तुझ्या रागाला निमित्त म्हणून मी तो देत नाही."

"हो."

"त्या माणसाला सांगितलंस?"

"तोंडावर."

"काय म्हणाला?"

"कॉलर धरून हाकलून दिलं."

नेड्राने त्याची ओली कॉलर पाहिली, एक बटण तुटलं होतं. मग त्याची सुजलेली बोटं पाहिली. "जागा मिळाली?"

"नाही."

"मग उद्या काय करणार?"

"उद्या पण सांगणार."

तिने बाजूला होऊन त्याला आत घेतलं. "टॉवेल तिथे आहे," ती म्हणाली. रात्रभर ती त्याच्याशी आणखी काही बोलली नाही. तो जागाच होता. तिची खाट घसरली की उठून दगड नीट करत होता.

सकाळी बर्फ थांबलं होतं. दूर कड्यापलीकडून बंदुकींचे आवाज येत होते. उरलेल्या दोन ताटल्या घेऊन ऑरिन खाली गेला. त्या लावायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. या खेपेला त्याने खरी हातोडी घेतली होती. पहिल्या फाट्यावर तो खिळा ठोकत होता तेव्हा वरून ट्रक आला. डेल्मर, मागे साखळ्या आणि फावडी, बापाचा पिकअप ओढून काढायला निघालेला असावा. पण मग तिसऱ्या फाट्याला न वळता तो इथवर कशाला आला होता, कोण जाणे. ऑरिनला पाहून तो थांबला. काच खाली आली.

ऑरिनचा उजवा हात सवयीने वर जायला निघाला. त्यात हातोडी होती. त्याने हात खाली घेतला.

"आज एकोणीस दिवस झाले," तो म्हणाला.

डेल्मरचा जबडा हलला. त्याने झाडाकडे पाहिलं.

"वाकडी आहे ती," तो गुरगुरला, आणि ट्रक वळवून वर गेला.

ऑरिनने ताटली सरळ केली. दोन पावलं मागे जाऊन पाहिली. अजून थोडी वाकडी होती. तो रागातच पुन्हा झाडापाशी गेला.